तीन वाजताचा रिपोर्ट: चंदीगड ते पोर्ट ब्लेअर, दोन वॉकीटॉकींसह

अंदमानला जहाजाने जायचं हे आमच्या डॉक्टरांनी ठरवलं. हक्काची एलटीसी, म्हणजे नोकरीतली प्रवाससवलत, वाया चालली होती, हे सांगायचं कारण. खरं कारण असं, की चंदीगडपासून याहून लांबचं ठिकाण नकाशात सापडेना. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, पंजाबात बॉम्ब आणि गोळीबाराचे दिवस होते. डॉक्टर तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात सर्जन, मी विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. मूळची मी सांगलीची, ते साताऱ्याचे. बारा वर्षं तिथे राहून आम्ही राजमा चांगला करायला शिकलो होतो आणि संध्याकाळी सातच्या आत घरी यायला.

हल्ली अंदमानला सगळे विमानाने जातात. जहाजाने जाऊ का, असं मला अधूनमधून कोणीतरी विचारतं, म्हणून हे लिहिते आहे. जा. पण हाताशी वेळ ठेवा, ओकारीच्या गोळ्या ठेवा, आणि बरोबरच्या माणसाशी काही बोलायचं राहिलं असेल तर ते चढण्याआधी बोलून घ्या.

आमचं बोलायचं राहिलं होतं. मुलगी मुक्ता, नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली. येताना तिला पुण्याला माझ्या मोठ्या दिरांकडे ठेवायचं आणि अकरावीला तिथेच घालायचं, असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं होतं. दीर-जावेशी बोलणं झालं होतं. शाळेचे कागद माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात होते. फक्त मुक्ताला सांगितलं नव्हतं.

का ठरवलं, तेही सांगते. आधीच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी ती शिकवणीहून अडीच तास उशिरा आली. बसमध्ये कोणाची तरी बेवारस पिशवी सापडली, बस थांबवली, सगळ्यांना उतरवून एका शाळेच्या आवारात बसवलं. पिशवीत गाजरं निघाली. पण ती गाजरं आहेत हे कळेपर्यंत मी फाटकाशी उभी होते, आणि त्यानंतर मी पुन्हा पहिल्यासारखी झाले नाही. मुक्ताला मी नियम घालून दिला. जिथे पोचशील तिथून फोन करायचा, निघताना फोन करायचा. घरात याला ‘रिपोर्ट’ म्हणत. मैत्रिणीकडे, वाचनालयात, समोरच्या ब्लॉकमध्ये गेली तरी रिपोर्ट. ती करायची, पण आवाजात एक कंटाळा असायचा: “आई, पहुँच गई. बस? रखूँ?”

वॉकीटॉकी माझ्या धाकट्या भावाने आणलेले. तो मालवाहू जहाजांवर इंजिनियर. सिंगापूरहून भाचीसाठी जोडी आणली: काळे, हातभर एरियल ओढून काढायचं, बाजूला बोलायचं बटण. दाबलं की आपण बोलायचं, सोडलं की समोरच्याचं ऐकायचं. त्या दिवसांत, त्या शहरात असली वस्तू बाहेर काढणं म्हणजे आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेणं, म्हणून ती कपाटात साड्यांखाली पडून होती. सहलीला यायचं तर ते दोन्ही संच घ्यायचे, ही मुक्ताची एकमेव अट. मी लगेच कबूल झाले. जहाजावर दर तासाला रिपोर्ट घेता येईल, हे माझ्या डोक्यात तिच्या आधी आलं होतं.

निघालो तो सकाळचा प्रहर. स्टेशनला जाताना इंडस्ट्रियल एरियाच्या कोपऱ्यावर पोलिसांचा नाका होता, तो रोजचाच. टॅक्सी थांबली, डिकी उघडली. जवानाने नेमकी वॉकीटॉकींची पिशवी वर काढली आणि आत घातलेला हात तसाच ठेवून म्हणाला, “ये किसका है जी?”

“बच्ची का,” डॉक्टर म्हणाले.

जवानाने बच्चीकडे पाहिलं. ती त्याच्याहून दोन बोटं उंच होती. त्याने आपल्या साहेबाला हाक मारली. ते पांढऱ्या दाढीचे, शांत गृहस्थ. त्यांनी एक संच उचलून वजन बघितलं.

“डॉक्टर साहब, लोग आजकल ट्रांज़िस्टर पड़ा देख के भाग जाते हैं. और आप ये थैले में डाल के घूम रहे हो?”

मी डॉक्टरांना म्हटलं, “अहो, आयकार्ड दाखवा ना. आणि हसू नका.”

मुक्ताने मला कोपर मारलं. “आई, इनके सामने मराठी मत बोलो. और शक करेंगे.”

साहेबांनी आयकार्ड पाहिलं, मग मुक्ताला एक संच देऊन वीस पावलं पुढे उभं केलं आणि दुसऱ्यात स्वतः म्हणाले, “बेटा, पेपर कैसे हुए?” पलीकडून आलं, “मैथ्स बेकार, अंकल.” ते हसले. सेल काढून त्यांनी डॉक्टरांच्या हातावर ठेवले. “दिल्ली लंघ के पाना. इत्थे नहीं.” म्हणजे सेल घालायचे ते दिल्ली ओलांडल्यावर. आम्हाला गाडी मिळाली, पण डॉक्टरांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

मुक्ताचं ते कोपर मी विसरले नाही, कारण त्यात आमच्यासारख्यांची एक सवय दडलेली आहे. चंदीगडच्या मराठी लोकांना मराठी ही चारचौघांत कुजबुजायची सोय वाटते. भाजीवाल्यासमोर त्याच्या भाजीला नावं ठेवायची ती मराठीत. पाहुणे कधी जाणार ते मराठीत. मुलं घरात हिंदीत उत्तरं देतात, त्यामुळे हळूहळू आईबापांना असं वाटायला लागतं की मराठी त्यांच्या कानावरून जाते, आत उतरत नाही. आम्हालाही तसंच वाटायचं. मुलीच्या देखत मी तिच्याविषयी बोलायचे, आणि ती मासिक वाचत बसायची.

दिल्लीहून मद्रास दोन रात्री. गाडीत जेवण आणि उकाडा दोन्ही भरपूर. मद्रासला जहाजाच्या तिकिटांसाठी अर्धा दिवस रांगेत गेला. ओळखपत्राच्या प्रती दोन-दोन ठेवा, हे तेव्हाही उपयोगी पडलं, आजही पडेल. सगळ्यात स्वस्त बंक, म्हणजे एका मोठ्या दालनात तीन मजली फळ्या. त्यावर केबिन. आमची तिकिटं उशिरा निघाल्याने डॉक्टर पुरुषांच्या केबिनमध्ये आणि आम्ही दोघी बायकांच्या, तेही वेगवेगळ्या मजल्यांवर. सुमारे तीन दिवसांचा प्रवास. मला तर वॉकीटॉकी आणल्याचं समाधानच वाटलं.

समाधान तासभर टिकलं. जहाज लोखंडाचं असतं, हे वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिकेला आधी सुचलं नव्हतं. केबिनमधून बोललं की नुसती खरखर. आवाज फक्त उघड्या डेकवरून उघड्या डेकवर जायचा, मग मात्र लख्ख. एका अधिकाऱ्याला परवानगी विचारली, तर त्याने संच उलटा करून पाहिला आणि म्हणाला, “खिलौना है मैडम, चलाइए. बस ब्रिज की तरफ नहीं.” ब्रिज म्हणजे जहाज चालवतात ती वरची खोली. आज कोणी नेणार असेल तर अशी परवानगी आधीच घ्या, नियम आता कडक असतील.

तर माझा नियम: मुक्ताने कुठेही फिरावं, पण दर तासाला उघड्यावर येऊन रिपोर्ट द्यावा. डॉक्टर म्हणाले, “अगं, जहाजातून ती जाणार कुठे?” मी म्हटलं, “खाली.” आणि समुद्राकडे बोट दाखवलं.

जातानाचा प्रवास खरोखर सुरेख झाला. सकाळी सातला नाश्ता, बाराला जेवण, घंटा वाजली की पाच मिनिटांत रांग. भात, सांबार, एक भाजी, रविवारी अंडं. चव विचारू नका, पण त्या हवेत भूक अशी लागायची की विचारायची गरज पडत नसे. दुसऱ्या दिवशी उडणारे मासे दिसले. पाण्यातून निघून बरेच लांब जातात आणि पुन्हा पाण्यात बसतात. मुक्ताने ते माझ्या आधी पाहिले आणि संचावर ओरडली, “आई, लेफ़्ट! लेफ़्ट! ओवर!” तो तिच्या आयुष्यातला पहिला रिपोर्ट, जो तिने न मागता दिला. मला आनंद झाला. तो आनंद मी तिला दाखवला नाही, एवढंच.

पोर्ट ब्लेअरला आठ दिवस होतो. तुरुंग बघितला, बेटं बघितली, नारळ प्यायलो. पाण्याचा रंग लिहून सांगता येत नाही, जाऊन बघा. मी तिथली खारफुटी बघून हरखले. मुक्ता पोहायला शिकायचं म्हणाली आणि मी कमरेच्या पुढे जाऊ दिलं नाही. एका संध्याकाळी ती किनाऱ्यावरून एकटी चालत लांब गेली, शंभरेक पावलं. संच तिच्या हातात होता, तरी मी मागून गेले. तिने वळून पाहिलं आणि परत चालत आली.

परतीच्या जहाजावर तिचे रिपोर्ट बिघडू लागले. कधी बटण दाबायच्या आधीच बोलायची, मग पहिला शब्द कापला जायचा. कधी बटण दाबायलाच विसरायची. मी एक उपाय काढला. तिच्या संचाच्या बटणावर रबर बँड घट्ट गुंडाळला. आता बटण कायम दाबलेलं, ती जे बोलेल, जिथे असेल तिथलं सगळं मला ऐकू येणार. सेल लवकर संपतील, तर संपू देत.

डॉक्टर म्हणाले, “आता तिचं शिंकणंसुद्धा ऐकणार का?”

“हो,” मी म्हटलं.

मुक्ताने रबर बँडकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि संच उचलून निघून गेली. सकाळभर मी माझ्या संचातून वारा ऐकला, तिची एका बंगाली मुलीशी चाललेली हिंदी ऐकली, कोणत्या तरी गाण्याची अर्धी ओळ ऐकली. मला छान शांत वाटत होतं. आज हे लिहिताना शरम वाटते, तेव्हा वाटली नव्हती.

दुपारी जेवायला बसलो तेव्हा दोन्ही संच टेबलावर होते. मुक्ता आधी उठली आणि त्यातला एक घेऊन गेली. मी दुसरा न बघताच विणकामाच्या पिशवीत टाकला. डॉक्टर आणि मी मागच्या डेकवर, टांगलेल्या जीवरक्षक होडीच्या सावलीत जाऊन बसलो. संच गप्प होता. मला वाटलं, पोरगी वाचत बसली असेल.

आम्ही बोलायला लागलो, अर्थात मराठीत. आजूबाजूला तमिळ आणि बंगाली माणसं होती, आमची सोय होती.

“तिला मद्रासला सांगू,” डॉक्टर म्हणाले. “निदान गाडीत बसायच्या आधी.”

“नको. पुण्याला उतरल्यावर सांगू. आधी कळलं तर रडून गोंधळ घालेल. एकदा घरात सामान ठेवलं की काय करणार आहे?”

“हे बरोबर नाही, सुनंदा.”

“मग चंदीगडलाच ठेवा तिला! तुम्ही दिवसभर ऑपरेशनला. तिची पावलं जिन्यावर वाजेपर्यंत मी माणसात नसते. वर्गात शिकवताना घड्याळ बघते. ती पुण्याला असली तर मला निदान श्वास घेता येईल.”

“आणि मी? मी रोज जातो येतोच की.”

“तुमची सवय झाली.”

ते हसले. मीही हसले. मग आम्ही दिरांच्या घरातली कुठली खोली, कुठलं कॉलेज, जावेचा स्वभाव, सगळं बोललो. चाळीस मिनिटं तरी बोललो असू. तीन वाजायला आले तसा मी रिपोर्ट घ्यायला पिशवीत हात घातला. हाताला रबर बँड लागला.

मी तो बाहेर काढून बघतच राहिले. डॉक्टरांना कळायला थोडा वेळ लागला, मग त्यांचाही चेहरा उतरला. मुक्ताचा संच माझ्याकडे आला होता, आणि बटण दाबलेलं होतं तोवर तो नुसता बोलत होता, ऐकत नव्हता. म्हणून तो इतका गप्प होता. मी रबर बँड काढला. बटण वर आलं, खरखर झाली, आणि लगेच आवाज आला. ती तो संच उघडा व्हायची वाटच बघत असणार.

“आई, आता तुला माझा आवाज येतो का? ओव्हर.”

मराठीत. माझी मुलगी माझ्याशी चार-पाच वर्षांनी सबंध वाक्य मराठीत बोलली.

मी बटण दाबलं आणि तोंडातून आलं ते नेहमीचंच. “कुठे आहेस तू? ओव्हर.”

“ते नको विचारू. मी पडणार नाही. मी सगळं ऐकलं. मी मध्ये मध्ये बोलत होते, पण तुमच्यापर्यंत येत नव्हतं. ओव्हर.”

“मुक्ता, हे बघ, आम्ही तुझ्याच…” मी बोलत राहिले. भलं, काळजी, शिक्षण, सगळं सांगितलं. ओव्हर म्हणायचं विसरले. बटण सोडलं तेव्हा पलीकडे ती थांबलेली होती. तिने मला तोडलं नव्हतं, कारण या यंत्रात तोडताच येत नाही. मग ती बोलू लागली, आणि मलाही तोडता येईना. एरवी तिसऱ्या शब्दाला मी सुरू झाले असते.

“तू म्हणालीस, मी घरी असते म्हणून तुला भीती वाटते. मी पुण्याला गेले तर ती कमी होणार? झूठ नको बोलू, आई. मला एकच गोष्ट सांग. कमी होणार का? ओव्हर.”

डॉक्टर माझ्याकडे बघत होते. खोटं बोलायला हरकत नव्हती, आईबाप बोलतातच. पण मला वाटलं, हिने एवढं मराठीत विचारलंय.

“हो,” मी म्हटलं. “कमी होईल. ओव्हर.”

एक खलाशी दोर गुंडाळत आमच्या पुढून गेला. मी रेलिंगकडे पाहत होते आणि मला प्रत्येक रेलिंगवर ती दिसत होती.

“ठीक आहे. मग मी जाते,” ती म्हणाली. “पण मला सामानासारखं नेऊ नका. मी स्वतः जाते. आणि आई, तू भीतीचं मला सांगितलंस. मला वाटते ती मी कोणाला सांगू? तुम्ही दोघं तर तिथेच राहणार. मी पुण्यात बसून पेपर वाचायचा का, चंदीगडला आज काय झालं? ओव्हर.”

मी बटण दाबलं आणि तसंच धरून बसले. डॉक्टरांनी संच माझ्या हातातून घेतला.

“मुक्ता, बाबा बोलतोय. आम्ही रोज फोन करू. रोज, ठरलेल्या वेळी. आता रिपोर्ट आम्ही द्यायचा, तू घ्यायचा. ओव्हर.”

“पक्का? ओव्हर.”

“पक्का.”

चहाच्या घंटेला ती खाली आली. डोळे सुजलेले होते. संच टेबलावर ठेवून ती माझ्या शेजारी बसली आणि हिंदीत म्हणाली, “बिस्किट देना.” मी पुडा पुढे केला. त्या जहाजावरचे उरलेले दीड दिवस मी तिच्याकडून एकही रिपोर्ट घेतला नाही. सोपं गेलं असं म्हणणार नाही.

मद्रासहून पुणे एक रात्र, एक दिवस. मुक्ताने स्वतःची बॅग स्वतः उचलली. जाऊबाईंनी पुरणपोळ्या केल्या होत्या, आणि तिने त्यांना मराठीत सांगितलं की तिला गूळ कमी आवडतो. वॉकीटॉकी तिथेच ठेवले. तेच संभाषण नाक्यावर दुसऱ्यांदा करायची डॉक्टरांची तयारी नव्हती. निघताना मी तिला जवळ घेतलं तर ती म्हणाली, “सात वाजता. आठ नाही.”

चंदीगडला पोचलो. घर बंद राहून कुबट झालं होतं, कुंड्या शेजाऱ्यांनी जगवल्या होत्या. संध्याकाळी सातला पुण्याला फोन लावला, आम्ही पोचलो म्हणून सांगितलं. तिने विचारलं, “बाबा पण घरी आहेत? त्यांना दे.” त्यांचा आवाज ऐकल्यावरच तिने फोन ठेवला.

आता हिशेब मांडायचा तर, माझी भीती कमी झाली का? झाली. हे लिहायला जड जातं, पण झाली. मी वर्गात घड्याळ बघणं सोडलं. दोन लेख पुरे केले. रात्री झोपू लागले. मी जे म्हटलं होतं ते खरंच झालं, आणि जहाजाचं तिकीट, समुद्र, बेटं या सगळ्यापेक्षा हेच मला त्या सहलीतून जास्त मिळालं असं मी काही आठवडे मानत होते.

मग एका दुपारी जाऊबाईंचा फोन आला. म्हणाल्या, “सुनंदा, रागावू नकोस, पण सांगायला हवं. फोन सातला येतो आणि ही पोरगी सहालाच टेबलापाशी जाऊन बसते. खेळायला बोलावलं तरी जात नाही. कोणाला फोन करू देत नाही, लाइन मोकळी हवी म्हणते. सव्वासातला तुमचा फोन झाला की मगच पाणी पिते.”

त्या दिवसापासून मी तिला तासभर आधी, सहाला फोन करू लागले. म्हटलं, तेवढीच लवकर सुटेल.

पुढच्या महिन्यात मी जाऊबाईंना विचारलं, आता कसं आहे. त्या म्हणाल्या, “आता पाचला बसते.”